वडीगोद्रीचा चंद्र, प्रागचा पूल

युरोपचा बेत आखताय? आधी पंचांग बघा, मग तिकिटं काढा. मी नेमकं उलटं केलं. आई-बाबांना प्राग दाखवायचं कधीपासून मनात होतं. पुण्यात बसल्या बसल्या जूनची स्वस्त तिकिटं दिसली आणि तिघांचं ठरवूनच मी गावी, वडीगोद्रीला फोन केला. बाबा हसायलाच लागले.

"मृगात कोणी गाव सोडतं का गं? सरकी कोण लावील? तुम्ही दोघी जा, बिलकुल काळजी करू नका."

आई अडून बसली. आमच्याकडे बाबांचं जेवण झाल्याशिवाय ती घास घेत नाही. त्यात बाबांना साखरेचा त्रास, म्हणजे जेवण वेळेवर हवं. त्यांना एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी बाबांनीच तिची बॅग भरली.

व्हिसाची वेळ फार आधी घेऊन ठेवा, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. प्रागचे रस्ते दगडी आहेत, चपला घरीच ठेवा. साडीवर बूट घालायला आई पहिल्या दिवशी लाजली, दुसऱ्या दिवशी तिनंच आधी बूट शोधले. ट्रामचा दिवसभराचा पास परवडतो. शाकाहारी असाल तर बटाट्याचं सूपसुद्धा विचारून घ्या, त्यात मांस निघू शकतं. आईनं घरूनच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आज चतुर्थी हाय. मी काही खाणार न्हाई." लग्नापासून तिनं संकष्टी मोडलेली नाही. मी मोबाइलवर बघितलं तर प्रागला चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या सुमारास! दिवसभर चढउतार करायचे आणि पोटात फक्त चहा.

जुन्या चौकातल्या त्या प्रसिद्ध घड्याळासमोर ही गर्दी. तास वाजला, वरच्या खिडक्यांतून संतांच्या मूर्ती सरकत गेल्या. आईनं हात जोडले. हे घड्याळ चंद्रसुद्धा दाखवतं, असं मी सांगितल्यावर म्हणाली, "मंग यालाच इचार ना, आज जल्दी उगवतो का म्हणून."

संध्याकाळी नदीवरच्या पुलावर आलो. ऊन चांगलंच होतं. आईचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. वडीगोद्रीत रात्र झाली होती आणि ते अंगणात उभे होते.

"हे बघ, निघाला. ढगात हाय, पण बराबर दिसतो." स्क्रीनवर एक पांढरा ठिपका हलत होता. "सोड उपास."

"फोनमधला चंद्र चालत न्हाई," आई म्हणाली. "तुम्ही जेवले का?"

"न्हाई."

"का बरं? गोळी घेतली न्हाई?"

"तू उपाशी फिरून राह्यली, मंग मला घास जाईल का? भात झालाय, वरण झालंय. तू खाल्लं की मी खातो."

आईनं त्या ठिपक्याला हात जोडले आणि मला म्हणाली, "काढ दशम्या."

पुलाच्या कठड्याला टेकून तिनं दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिकडे बाबांनी तांब्याला फोन टेकवला आणि भात कालवला. "मीठ जास्ती झालंय," ते म्हणाले. "वरून भात घ्या थोडा," आई म्हणाली. येणारे-जाणारे बघत होते. मी नदीचे फोटो काढत बसले.

घरी आल्यावर लोक विचारतात, प्रागमध्ये काय पाहिलं? आई किल्ला सांगते, घड्याळ सांगते. पुलावरचं जेवण सांगत नाही.

पुढच्या चतुर्थीला मी मुद्दाम वडीगोद्रीला गेले. चंद्र दिसला, पूजा झाली. आईनं बाबांचं ताट वाढलं आणि नेहमीसारखी बाजूला बसली. बाबा ताटाला हात लावेनात.

"काय झालं?" आईनं विचारलं. "मीठ कमी हाय?"

"तिकडं जेवली ना माझ्यासंगं? मंग इथं काय झालं?"

आईनं माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला. मग आत गेली आणि स्वतःचं ताट घेऊन आली.