काकूंचा अडकलेला नवस

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंइतकी काळजी पृथ्वीवर दुसऱ्या कुणी केली नसेल, आणि पृथ्वीबाहेरच्यांची तर नक्कीच नाही. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीतून कुणीही बाहेर निघालं, की गॅलरीतून त्यांचा आवाज यायचा, "पोचलात की सांगा हं!" शहराला लागूनच असलेल्या राऊला बहिणीकडे जाऊन आलेल्यानंही आधी काकूंना तोंड दाखवायचं आणि मग चपला काढायच्या, असा शिरस्ताच होता. दूधवाला तर सकाळी माप भरायच्या आधी वर बघून ओरडायचा, "कल बराबर पहुँच गया था, काकीजी!" तेव्हा कुठे काकू पातेलं घेऊन खाली उतरायच्या. काका एका कापड मिलच्या ऑफिसात कारकून होते. मिल सायकलनं जेमतेम पाव तासावर. पण संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवरून त्यांची "आलो गं" अशी हाक आली, की काकूंचा चेहरा असा खुलायचा, जसे काही काका लढाईवरूनच परतले.

अशा बाईच्या पुढ्यात टीव्हीनं नेमकी एक अंतराळातली मालिका आणून ठेवली. टीव्ही आमच्याकडे होता, म्हणून रविवारी सकाळी पोहे उरकून काकू खाली यायच्या आणि आईच्या शेजारी पाटावर बसायच्या. मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. एक यान वाट चुकून भलत्याच आकाशात गेलंय, आत सात माणसं आहेत आणि दर रविवारी ती घरी परतायला निघतात, एवढीच गोष्ट. आम्हा मुलांना बंदुका आणि राक्षस बघायचे असत. काकूंची मतं निराळीच. "येवढं मोठं यान बनवलं आणि किचन नाही? गोळ्या खाऊन राहतात बिचारे!" आपोआप उघडणारी दारं त्यांना बिलकुल पसंत नव्हती. कडी वाजली नाही तर घरात कोण आलं ते कळणार कसं? यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मुलीचं यानातल्या डॉक्टरशी लग्न लावून टाकावं, असंही त्यांच्या मनात होतं. परग्रहावरची माणसं हिंदी बोलतात याचं मात्र त्यांना जराही नवल वाटलं नाही. "इंदूरपासून तिथपर्यंत सगळ्यांना हिंदी येते," त्या म्हणाल्या, "एक आमच्या पुण्याच्या जाऊबाईंनाच काय ती जमत नाही."

एका रविवारी यानाचं इंजिन बंद पडलं, आतली हवा संपत आली, आणि नेमका तिथेच भाग संपला. काकूंचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी त्या तडक बड्या गणपतीच्या मंदिरात गेल्या आणि नवस बोलून आल्या, की हे सातही जण सुखरूप घरी पोचले तर लाडू चढवीन. काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, ते नाटकवाले आहेत. शूटिंग संपलं की गाडीत बसून आपापल्या घरी जातात."

"ते जात असतील हो," काकू म्हणाल्या. "पण हे तर तिकडेच आहेत ना?"

पुढच्या रविवारी त्या वेळेला क्रिकेटची मॅच लागली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसराच कार्यक्रम सुरू झाला. मालिका बंद. "मतलब काय? पोचले की नाही पोचले?" काकू टीव्हीला विचारत राहिल्या. पेपरात आलंय, पोचले सगळे, असं काकांनी एकदा ठोकून दिलं. काकू म्हणाल्या, "दाखवा पेपर."

इथवर सगळी गंमत होती. मग मिलला टाळं लागलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत मिलचाच पगार यायचा. ज्याला जो देव जवळचा वाटला, त्याला त्यानं साकडं घातलं. काकूंचं घोडं मात्र अडलं. पहिला नवस फेडलेला नसताना दुसरा कुठल्या तोंडानं बोलायचा? आईनं सुचवलं, दुसऱ्या एखाद्या देवाला बोला. "ते सगळे एकमेकांना ओळखतात ना," काकू म्हणाल्या. शेवटी त्या मंदिरातल्या पुजारीबाबांना विचारायला गेल्या. मी सोबत होते.

"कितने लोग हैं, माताजी?"

"सात. बहुत दूर गए हैं."

"दुबई?"

"उससे भी आगे."

पुजारीबाबांनी डोळे मिटून सांगितलं, "धीरज रखो, आ जाएँगे." झालं. आता तर वाट बघण्यावाचून इलाजच उरला नाही.

काका सुरुवातीला सवयीनं डबा घेऊन मिलच्या फाटकाशी जाऊन बसायचे. मग तेही सुटलं. दिवसभर खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे, विचारलं तर मान हलवायचे. कुठे जाणंच नव्हतं, त्यामुळे जिन्यावरची हाकही बंद झाली. संध्याकाळी ठरल्या वेळेला काकू उगीच जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहायच्या आणि परत आत जायच्या. मला त्यांचं ते उभं राहणं बघवत नसे.

अशी काही वर्षं गेली. गल्लीत केबल आली, गच्च्यागच्च्यांवरून तारा पसरल्या. काकूंनी केबलवाल्याला पहिला प्रश्न हाच केला, "भिया, वो सात लोग आए क्या?" तो गोंधळला, "कौनसे चैनल पे, काकीजी?" पण गणपतीला दया आली असावी. एका दुपारी एका चॅनलवर तीच मालिका लागली, अगदी पहिल्यापासून. काकू रोज खाली येऊन बसू लागल्या, आणि एकटं वर बसून काय करायचं म्हणून काकांनाही ओढून आणू लागल्या. काका आधी भिंतीकडे बघत बसायचे. मग एक दिवस एकदम म्हणाले, "हा कप्तान साफ चुकतोय." आम्ही सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यानंतर काकांनी कप्तानाला सोडलं नाही. तावातावानं त्याच्या चुका काढायचे आणि टीव्ही बंद झाला की तोच वाद कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊन घालायचे.

शेवटच्या भागात यान उतरायला लागलं आणि लाइट गेली. काकूंनी अंधारातच हात जोडले. लाइट आली तेव्हा सातही जण हिरव्या गवतावर उभे होते. आई रडत होती, मी रडत होते. काकूंनी एक लांब श्वास सोडला नि म्हणाल्या, "बरं झालं. आता कुणीतरी त्यांना आंघोळीला पाणी काढून द्या."

दुसऱ्या सकाळी लाडू चढवून, गल्लीभर प्रसाद वाटून त्या आल्या. नवा नवसही बोलून आल्या होत्या. आईनं विचारलं, "मिल उघडावी म्हणून ना?"

"मिलचं जे व्हायचं ते होऊ दे," काकू म्हणाल्या. "आमचे हे परत येऊ देत, येवढंच बोलले."

काका तेव्हा वर अंघोळ करत होते.

चहाच्या दुकानातल्या त्या गप्पांमधूनच कुणीतरी काकांना राऊच्या एका कॉलेजच्या ऑफिसात माणूस हवा असल्याचं सांगितलं. पगार मिलच्या मानानं कमी, पण काका लागले. पहिल्या दिवशी काकू दुपारपासून गॅलरीत. राऊहून सवाऱ्या आणणाऱ्या टेम्पोला उशीर झाला, दिवेलागण झाली. आम्हीही खाली उगीच दारात घोटाळत होतो. काका आले, जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबले, घसा खाकरला, आणि कितीतरी वर्षांनी म्हणाले, "आलो गं!"

काकू गॅलरीतून वाकून खाली आईला म्हणाल्या, "पोचले बाई सगळे."

आता ते दोघंही नाहीत. मी पुण्यात असते, इथे कुणी कुणाला पोचल्याचं सांगत नाही. पण ऑफिसातून येऊन कुलूप उघडताना माझ्या तोंडून अजून "आले गं" निघतं. आत कुणी नसतं, तरी बरं वाटतं.