खाली पडलेलं पिस्तूल

मला मारधाडीचे पिक्चर आवडतात. हे मी कधी लपवलं नाही, पण बाईमाणसाच्या तोंडून ऐकलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. बायकांनी देवादिकांचे नाहीतर रडके पिक्चर बघावेत, असं आमच्या वर्ध्यात तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. रडायला मला टाकीजमध्ये जायची गरज नव्हती. तिकीट काढून बसायचं तर घोडा, तलवार, पिस्तूल किंवा बंगल्यातला खून, यातलं काहीतरी पाहिजे, हे माझं मत लग्नानंतरच्या चार-पाच वर्षांत पक्कं झालं. पन्नास सालानंतरची ती वर्षं.

हा नाद बाबांचा. माझे वडील रोहण्याचे कास्तकार. तरुणपणी नागपंचमीच्या दंगलीत कुस्त्या मारलेले, त्यात उजवा कान मोडलेला. महिन्या-दीड महिन्यानं ते बैलांसाठी ढेप, म्हणजे सरकीची पेंड, घ्यायला वर्ध्याला यायचे. रोहण्याहून छोट्या गाडीनं पुलगाव, तिथून मोठ्या गाडीनं वर्धा. आता ढेप पुलगावातही मिळायची, आणि वर्ध्याची ढेप खाऊन बैल काही इंग्रजी बोलणार नव्हते. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि माझ्या सासूबाईंनाही माहीत होतं. तरी दर वेळी ते फाटकात उभे राहून "ढेप घ्यायले आलो" म्हणायचे, आणि सासूबाई गंभीरपणे ढेपेचा भाव विचारायच्या.

फाटकातच उभे राहायचे. आत छपरीत, म्हणजे ओसरीवर, येऊन बसायचे नाहीत. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खाऊ नये, पाणीही पिऊ नये, आणि माझ्या लग्नाला चार वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. माझ्या घरात दोन माठ काठोकाठ भरलेले असायचे, आणि माझा बाप उन्हातून येऊन गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळाला ओंजळ लावायचा. मी फाटकात उभी राहून ते बघायची. बाबांनी माझ्या घरचं तांब्याभर पाणी प्यावं, ही त्या चार वर्षांतली माझी सगळ्यात मोठी इच्छा होती. लोकांना वाटायचं, मला मूल हवं आहे. मूल हवंच होतं, पण खरं सांगायचं तर कित्येकदा ते मला त्या पाण्यासाठी हवं असायचं. रीतीचा मला संताप यायचा, बाबांचाही यायचा, आणि ते नळावरून मिशा पुसत परत आले की सगळा संताप विरघळून जायचा.

म्हणून टाकीज. बाप लेकीला दुपारच्या खेळाला नेतो म्हटल्यावर कोणाची हरकत नव्हती. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, त्याला दिवसभर यंत्रांचा आवाज पुरे व्हायचा. तो म्हणायचा, तुम्हीच जा. सोबतीला शेजारच्या काकू असायच्या. काकू मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही, आणि पिक्चरचा शेवट तर मुळीच नाही.

टाकीजमध्ये बायकांचे बाक एका अंगाला, मधे लाकडी कठडा, पलीकडे पुरुष. बाबा कठड्याला लागून पहिली जागा धरायचे, मी अलीकडून पहिली. अंधार झाला की मी पदराखालून डबा काढायची. तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, कधी मुगाचे वडे. डबा कठड्यावर ठेवून द्यायचा आणि पडद्याकडे बघत राहायचं. पहिल्या वेळी बाबांनी विचारलं होतं, हे कुठून आणलं? मी म्हटलं, दुकानातून. आमच्या गल्लीत तेव्हा पुऱ्यांचं एकही दुकान नव्हतं. बाबांनी थोडा विचार केला, पुरी उचलली आणि पडद्यावरची घोडदौड बघत खाल्ली. मग मला म्हणाले, "या दुकानदाराचा हात मिठात जास्त पडते." पुढे दर खेळाला दुकानदारावर टीका व्हायची. मी ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी मीठ कमी करायची. तरी ते जास्तच असायचं.

आता पिक्चरविषयी. बाबा मारामारीकडे पंचाच्या नजरेनं बघायचे. हिरोनं नुसता ठोसा मारला की त्यांना तो पोरखेळ वाटायचा. समोरच्याचा पाय एवढा पुढे आलेला असताना तो धरून पट का काढत नाही, हा त्यांचा कायमचा सवाल. बदमाश मंडळी दहा-बारा असूनही एकेक करून का येतात, हे मात्र त्यांना पटायचं. आखाड्यातही एका वेळी एकच जोड सुटते. मला तेच पटायचं नाही. मला वाटायचं, बारा जण आहात तर बाराही जणांनी धरा आणि मोकळे व्हा, आम्हालाही घरी भाकरी टाकायच्या आहेत. शिवाय हिरोचा भांग. दोन मजल्यांवरून उडी मारली, नदीतून पोहून आला, तरी भांग जागच्या जागी. एवढं तेल आमच्या घरात महिन्यालाही लागत नव्हतं.

घोड्यांचे पाठलाग आम्हा दोघांनाही आवडायचे. फक्त एकच टेकडी आणि एकच झाड तीन वेळा मागे पळायचं. काकूंना ते कधी दिसलं नाही. बाबांना पहिल्याच वेळी दिसलं, कारण त्या झाडाची एक फांदी वाळलेली होती आणि ती कोणी तोडत कसं नाही याची त्यांना काळजी लागली होती.

खुनाचे पिक्चर मात्र माझे. मोठा बंगला, धुकं, मेणबत्ती घेऊन जिना उतरणारी बाई, कोटाची कॉलर वर केलेला माणूस. खून कोणी केला हे मी बहुतेक मध्यंतराच्या आत ओळखायची. युक्ती सोपी होती. ज्याच्यावर सगळे संशय घेतात तो सोडायचा, आणि जो सगळ्यांना चहा-पाणी विचारत हिंडतो त्याला धरायचं. बाबांचा संशय थेट बंगल्याच्या मालकावर. एवढा मोठा वाडा, आणि दारात एक बैल नाही, एक गाय नाही. हा माणूस करतो तरी काय, असं त्यांचं म्हणणं. दोन-तीनदा त्यांचंच खरं निघालं, त्यामुळे त्यांना बोलायची सोय नव्हती.

आणि मग ते पिस्तूल. बाबांना हिंदी येत नव्हतं असं नाही. व्यापाऱ्यांशी, स्टेशनावरच्या लोकांशी ते धडाधड बोलायचे, पण ती आपलीच बोली, शेवटी 'है' लावलेली. एका डाकूच्या पिक्चरमध्ये हिरो पडक्या किल्ल्यात अडकला होता. समोर बदमाश बंदूक रोखून उभा. हिरोनं कमरेचं पिस्तूल काढलं, चाप ओढला, नुसता खट आवाज झाला. त्याचा दोस्त कळवळून म्हणाला, "पिस्तौल खाली है."

बाबा जागेवरून अर्धे उठले. "अबे, खाली आहे म्हन्ते नं तो. वाक, अन् उचल नं मंग."

टाकीज हसलं. पण सगळं नाही. बाबांच्या शेजारच्या बाकावर खेड्यातून आलेले तीन कास्तकार होते, ते माना खाली घालून पडद्याच्या तळाशी पिस्तूल शोधत होते. मध्यंतरात मी कठड्यावरून बाबांना समजावलं की हिंदीत खाली म्हणजे रिकामं. गोळ्या संपल्या, असं तो सांगत होता. बाबांना ते अजिबात आवडलं नाही. "मंग रिकामं म्हनाव. खाली काऊन म्हन्ते?" असं म्हणून त्यांनी पुरी तोडली. पिस्तूल खालीच पडलं होतं आणि हिरोला वाकायचा कंटाळा, हे मत त्यांनी काही सोडलं नाही. पुढे कित्येक दिवस मी एखादी वस्तू शोधायला लागले की नवरा मला म्हणायचा, पिस्तौल खाली है. आमच्या घरात 'खाली' हा शब्द मजेचाच झाला होता.

तो मजेचा राहिला नाही त्या दिवसाची गोष्ट सांगते. पाचव्या वर्षी दिवाळीनंतर खुनाचा एक नवा पिक्चर लागला. बंगला, धुकं, सगळं यथासांग. एका धनिकाच्या भावाचं लहान पोर नाहीसं होतं, पाठोपाठ दाईचा खून होतो. मध्यंतरापर्यंत मला गुन्हेगार सापडला नाही, म्हणून मी खूश होते. बंगल्याची मालकीण मला आवडली होती. उंच, ताठ, कमी बोलणारी. शेवटी तीच निघाली. पोलिसांसमोर केस मोकळे सोडून तिनं कबूल केलं की पोर तिनंच पळवलं आणि दाईला तिनंच मारलं. का, तर मूल नाही म्हणून. "मेरी गोद खाली थी," असं ती तीन वेळा म्हणाली.

बायकांच्या बाकांवरच्या ओळखीच्या दोघी-तिघींनी माझ्याकडे वळून पाहिलं. काकूंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि "जाऊ दे बाई" म्हणाल्या. त्या हाताचा मला इतका राग आला की तो झटकून मी उठले. इतकी वर्षं मी खुनी ओळखत आले होते, आणि आता टाकीजमधल्या सगळ्या बायकांना माझ्यात खुनी दिसत होता, असं मला वाटलं. डबा कठड्यावर तसाच राहिला. तो बाबांनी उचलून आणला.

फाटकाशी बाबा थांबणार आणि तिथून स्टेशनाकडे वळणार, हा नेहमीचा क्रम. पण काकू आमच्या पुढे आत गेल्या होत्या आणि छपरीत बसून सासूबाईंना पिक्चरचा शेवट सांगू लागल्या होत्या. मालकिणीला लेकरू नव्हतं, त्यापायीच हे सगळं झालं म्हणे. गोद खाली होती तिची, असं म्हणून त्या माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मी फाटकाचा गज धरून उभी होते आणि मला पुढे जाता येत नव्हतं.

बाबा माझ्या बाजूनं आत गेले. जोडे काढले आणि छपरीत भिंतीला टेकून बसले. चार वर्षांत पहिल्यांदा.

"पिच्चर फालतू होता, इहीनबाई," ते सासूबाईंना म्हणाले. "त्याइले खाली म्हंजे रिकामं वाटते. आपल्यात खाली म्हंजे खाली. रिकामं नाई, नुसतं खाली असते. वाकलं का सापडते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मले पानी आन."

सासूबाई दचकल्या. व्याही, अजून तर काही नाही, असं त्या अडखळत म्हणाल्या. म्हणजे रीत मोडते आहे, हे त्यांना सुचवायचं होतं. बाबा म्हणाले, मला ठाऊक आहे, आणि तहान लागली आहे.

पुढे मला मूल झालं नाही. हे इथेच सांगते, कारण ऐकणारे नेहमी विचारतात, आणि मग काय झालं. काही झालं नाही. वाकलं की सापडतं असं बाबा म्हणाले ते धीर द्यायला, की त्यांना त्या हिरोवरचा जुना राग काढायचा होता, ते मला आजवर कळलेलं नाही. पण ते पुढची अठरा वर्षं माझ्या घरी येत राहिले, जेवत राहिले, आणि त्या दिवसानंतर आमच्या घरात कोणाच्या बापाला नळावर पाणी प्यावं लागलं नाही. सासूबाईंनी आपल्या धाकट्या सुनेच्या वडिलांना पहिल्याच भेटीत स्वतः तांब्या दिला.

त्या संध्याकाळी मी माठातून पाणी काढलं तेव्हा निम्मं जमिनीवर गेलं. बाबांनी तांब्या वर धरला आणि एका दमात संपवला. मग विचारलं, भाकर आहे का. सकाळच्या भाकरी होत्या, वांग्याची भाजी होती. मी ताट वाढलं आणि समोर बसले. पडदा नव्हता, अंधार नव्हता, मधे कठडा नव्हता, त्यामुळे कुठे बघावं ते आम्हा दोघांनाही समजत नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. बाबांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि मान हलवली.

"दुकानदार तोच दिसते," ते म्हणाले.