जावयाने जिंकून दिलेला खेळ

जिते गावच्या चंद्रावती म्हात्रे सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. निवृत्त होऊन चार महिने होतात न होतात, तोच अंगणातल्या शेवाळावर घसरल्या आणि पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. एका जागी बसायची त्यांना सवय नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसून झालं, टीव्हीवर खेकसून झालं, तेव्हा त्यांच्या मुलीने, मनस्वीने, माळ्यावर पडलेला आपला कॉलेजातला कॉम्प्युटर खाली काढून दिला. त्यात वीस वर्षांपूर्वीचा एक गेम होता. राक्षस, जादूगार, तलवारी आणि डोंगरावरचा एक किल्ला. त्या किल्ल्यात शेवटी पोचायचं.

"हे पोरांचं खेळणं मी काय करू गो?" त्या म्हणाल्या.

पण त्या खेळात एक गाव होतं, आणि त्या गावातल्या कुठल्याही घरात शिरून माणसांशी बोलता यायचं. बाईंनी जन्मभर तेच केलं होतं. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, घरांना नंबर दिले आणि पहिल्या घरापासून गृहभेटी सुरू केल्या. पाववाल्याला खोकला. लोहाराचं बायकोशी पटत नाही. विहिरीजवळच्या म्हातारीला गुडघ्यासाठी कसलासा पाला हवा. इंग्रजी अडलं की डिक्शनरी, नाहीतर मनस्वीला फोन. लांडगे आले की बाई सरळ पळून जायच्या.

प्लास्टर निघालं, गेम राहिला. रोज दुपारी भांडी आवरून दोन ते चार. चौदा महिन्यांत त्या किल्ल्याच्या पुलापर्यंत पोचल्या. तिथला राक्षस मात्र त्यांना रोज मारायचा. ही तक्रार त्यांनी एकदा फोनवर केली आणि ती जावयाने ऐकली.

प्रणित रोह्याच्या एका कंपनीत कामाला. माणूस सोन्यासारखा, पण मदत करायचं वेड. नळ ठिबकतोय म्हटलं तर अख्खा पाइप बदलून ठेवणारा. पुढच्या रविवारी तो जित्याला आला आणि बाई मागच्या दारी बोंबील साफ करत असताना कॉम्प्युटरसमोर बसला. कीबोर्डवरचं टॅबच्या वरचं बटण दाबलं, एक चौकट उघडली, तिच्यात त्याने इंटरनेटवर सापडलेले, खेळ न खेळताच जिंकून देणारे चार-पाच कोड टाकले.

"आई, लवकर या!"

बाई हात धुऊन येईपर्यंत राक्षस एका फटक्यात आडवा झाला होता. किल्ल्याचं दार आपोआप उघडलं, तुताऱ्या वाजल्या, पडद्यावर नावं सरकायला लागली.

"जिंकलात तुम्ही!" प्रणित म्हणाला.

"मी कुठे जिंकले? मी तर बोंबील साफ करत होते."

त्याला तो विनोद वाटला. वर त्याने हा नवा खेळ जुन्यावरच सेव्ह केला, म्हणजे बाईंचा जुना खेळ पुसला गेला.

सोमवारी बाईंनी गेम उघडला. लांडगे नुसता हात लागला की मरत होते. तेही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण गावातलं प्रत्येक माणूस आता एकच वाक्य बोलत होतं, आम्हाला वाचवल्याबद्दल आभार. पाववाला, लोहार, सगळे तेच. म्हातारीही आभार मानून तोंड फिरवत होती.

बाईंनी फोन लावला. "प्रणितराव, त्या म्हातारीला मी अजून पाला दिलाच नव्हता. तीन महिने शोधतेय."

"मग आता बरी झाली ना ती?"

"पाल्याशिवाय?"

"कोडने झाली, आई. सगळी कामं एकदम पूर्ण करायचा कोड असतो. उलटं करायचा पण असेल. रविवारी येतो."

रविवारपर्यंत थांबणं बाईंना शक्य नव्हतं. मंगळवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि रोह्याची गाडी पकडली. डबा मांडीवर. निडी स्टेशन येईपर्यंत तीन बायकांनी विचारलं, "मिक्सर हाय का गो?" तिसरीला बाई म्हणाल्या, "मिक्सर असता तर बरं झालं असतं."

प्रणित रात्रपाळी करून नुकताच आला होता. लाल डोळ्यांनी तसाच बसला. पहिल्या कोडने कामं परत आली, पण अख्खं गाव काठ्या घेऊन बाईंच्या मागे लागलं. दुसऱ्या कोडने गाव शांत झालं आणि घरांची दारं उघडेनाशी झाली. तिसऱ्या कोडने विहिरीजवळ दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. दोघी मिळून आभार मानायला लागल्या.

मनस्वीला हसू आवरेना.

"हसू नको. चौदा महिने फिरले मी त्या गावात."

प्रणितने कीबोर्डवरून हात काढले. "आई, मला वाटलं तुम्हाला जिंकायचंय."

"जिंकायचंच होतं. पण मला. तुम्ही कशाला जिंकलात?"

तो सॉरी म्हणाला. बाईंनी चहा घेतला, पण अर्धा कप तसाच ठेवला आणि परतीची गाडी धरली.

बुधवारी त्यांनी खेळ पहिल्यापासून सुरू केला. त्याआधी चमच्याच्या दांड्याने टॅबच्या वरचं बटण उचकटून फेकून दिलं. पहिल्या घरी पोचण्याआधीच लांडग्याने त्यांना दोनदा खाल्लं. पाववाला तसाच खोकत होता, तेच शब्द बोलत होता. ऐकलेलं पुन्हा ऐकायचा कंटाळा यायचा, आणि त्याचा रागही जावयावरच निघायचा.

तरी प्रणित येतो. त्यांच्या मागे स्टूलवर बसतो, हात मांडीखाली दाबून. गेल्या रविवारी त्याला राहवलं नाही.

"आई, तो पाला ओढ्यापलीकडे असेल का?"

"असेल का म्हणजे? तुम्ही तर अख्खा खेळ जिंकला होतात."

"मी कोड टाकला होता. पाला कधी बघितलाच नाही."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मग या असे पुढे," त्या म्हणाल्या. "लांडगा दिसला की ओरडा. बाकी कशाला हात लावायचा नाय."