सगळं जिरलं, सायेब

पंक्चर काढून झालं की घमेल्यातलं गढूळ पाणी तो रस्त्यावर भिरकावायचा. मग कमरेवर हात ठेवून ते मातीत नाहीसं होईपर्यंत बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, "जिरलं." आणि समोरच्याकडं बघून एक डोळा मिचकावायचा. गिऱ्हाईकाकडून पैसे घेताना काही त्याच्या तोंडावर एवढं समाधान दिसत नसे.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? थांबा जरा. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते एका दगडावर कोरलेलं आहे, आणि कोरून त्याचं काय भलं झालं ते पुढं येईलच. गावात सगळे त्याला बुढा म्हणायचे. मीही पाठीमागं बुढाच म्हणायची, तोंडावर बाबा.

मी तेव्हा घाटंजी तालुक्यातल्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, सलाईनचा एक स्टँड आणि माझी चिडचिड. रस्त्यापलीकडं बाभळीखाली त्याचं सायकलचं दुकान. दुकानाला ना भिंत ना छप्पर. एक लाकडी पेटी, एक पंप आणि ते घमेलं. नाल्याकाठी त्याचं थोडं शेत होतं, त्यात सगळ्यांसारखाच कापूस. पण खरा जीव सायकलीत आणि लोकांची टिंगल करण्यात.

'जिरलं' हा त्याचा एकच शब्द सगळीकडं चालायचा. वाघानं बकरी नेली, "जिरली बकरी." बोंडं अळीनं खाल्ली, "जिरला कापूस." मंत्री येऊन काहीतरी कबूल करून गेले की दुसऱ्याच दिवशी, "जिरलं काय रे ते भाषन?" माझ्या बदलीच्या अर्जालाही सोडलं नव्हतं. "सिस्टरबाई, तुमचा अर्ज बी जिरला वाटते!" मी चिडायची, तो खुदूखुदू हसायचा. त्याची बायको, तिला सगळे बुढी म्हणत, दारातून ओरडायची, "कोन्या दिवशी तुमचीच जिरन, मंग समजन!"

आपल्याकडं पाणी जिरतं, अन्न जिरतं, मस्ती जिरते आणि सरकारी पैसाही जिरतो. त्याला हे सगळे अर्थ एकदम वापरायची हौस होती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या गावात तेव्हा दोनच प्रकारच्या गाड्या यायच्या. एक, विष प्यायलेल्याला नेणारी किंवा परत आणणारी. दुसरी, पाहणीला येणारी. पहिलीत मी कितीदा तरी बसले आहे, नळी धरून, आणि त्यातली माणसं बहुतेक वाचली नाहीत. दुसऱ्या गाडीतले लोक खाली उतरायचे, बांधावर उभे राहायचे, मान हलवायचे आणि चहा पिऊन जायचे. अशा गावात माणसं हसायची ती या बुढ्यामुळं, म्हणून मी त्याचं सगळं ऐकून घ्यायची.

तर त्या काळात नाल्यावर एक सिमेंटचा बंधारा झाला. पर्यावरणाच्या कुठल्याशा मोठ्या योजनेतून. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं, विहिरी भरायच्या, काठानं झाडं लावायची. बोर्ड छान होता. बंधाऱ्याला पायाच नव्हता. पाणी वरून अडायचं आणि खालून पळून जायचं. दिवाळी झाली की नाला खडखडीत. झाडं तर पहिल्याच उन्हाळ्यात गेली. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग दिल्लीहून संसदेची समिती आली. सरकारनं पर्यावरणासाठी दिलेला पैसा जागेवर लागला की नाही, हे तपासायला खासदार स्वतः येणार म्हटल्यावर गावाला जरा आशा वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. पण ते आले भाद्रपदात. भाद्रपदात आमच्याकडं दगडसुद्धा हिरवा दिसतो. बंधाऱ्यावरून पाणी वाहत होतं.

अध्यक्ष उत्तरेकडचे, पांढऱ्या कुडत्यातले, सज्जन माणूस. त्यांच्याशेजारी तालुक्याचे एक साहेब दुभाष्याचं काम करत होते. बंधाऱ्याला लागून शेत याचंच, म्हणून यालाच पुढं केलं. अध्यक्षांनी विचारलं, "बाबा, इस बाँध से क्या हुआ?"

बुढ्यानं बंधाऱ्याकडं पाहिलं. साहेबांकडं पाहिलं. मग आमच्याकडं वळून एक डोळा मिचकावला आणि म्हणाला, "जिरलं, सायेब. सगळं जिरलं."

सगळं गाव खो खो हसलं. मीसुद्धा हसले. एवढ्या मोठ्या लोकांपुढं, त्या साहेबांच्या तोंडावर त्यानं सांगून टाकलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "जीरा? यहाँ जीरा भी होता है?"

मग तर बाया पदर तोंडात घालून हसल्या. साहेबही हसले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "नहीं सर. कह रहे हैं, सारा पानी ज़मीन में समा गया."

साहेबांना चेष्टा कळली नसेल असं मी म्हणणार नाही. ते आमच्यासारखेच मराठी होते.

अध्यक्षांनी बुढ्याचे ग्रीसचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. फोटो निघाला. त्यांच्याबरोबरच्या माणसानं भरभर लिहून घेतलं. गाड्या गेल्या. पुढं कितीतरी दिवस बुढा दुकानावर येईल त्याला सांगत होता, "दिल्लीच्या सायेबाले जिरं विकून आलो ना बाप्पा!"

पुढच्या उन्हाळ्यात हातपंपातून नुसती हवा यायला लागली. सरपंच टँकर मागायला तालुक्याला गेले आणि तोंड पाडून परत आले. गाव यादीत नव्हतं. का नव्हतं, तर गावात पाणी पुरेसं आहे. कोण म्हणतं? तर संसदेपुढं ठेवलेला अहवाल म्हणतो. आणि त्यात लाभार्थी शेतकऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे.

बुढा तसाच सायकल काढून तालुक्याला गेला. संध्याकाळी आला तो थेट माझ्याकडं. पायरीवर बसला. मी पाणी दिलं, तर अर्धाच पेला प्यायला.

"मी त्याईले सांगतलं, सायेब, थे मजाक होती. तं बाबू म्हंते, काका, संसदेचा कागद हाये, त्यात आमच्यानं खाडाखोड होत नाई." पेला पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "सिस्टरबाई, माहा शबूद त्यायनं दिल्लीले नेला. आता वापस कसा आनू?"

मी म्हटलं, "यवतमाळला जाऊन या."

तो यवतमाळलाही जाऊन आला. तिथं एकानं त्याला बसवून नीट समजावून सांगितलं, की समितीपुढं बोललेलं समितीपुढंच मागं घेता येतं. समिती पुन्हा आली की सांगा. कधी येईल? येईल तेव्हा.

बायका नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. त्याच झिऱ्यावर गुरं, त्याच झिऱ्यावर कुत्री. मी ब्लिचिंग पावडर घेऊन दारोदार बोंबलत फिरले, पण पावडर टाकायला घरात पाणी तर पाहिजे! मे महिन्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझ्या एका खाटेवर दोन-दोन माणसं, बाकीची ओट्यावर. बाकी सगळे वाचले. बुढी नाही वाचली. तिला जीपमध्ये घालून घाटंजीला निघालो, आणि अर्ध्या वाटेत माझ्या हाताखालची तिची नाडी गेली. बुढा तिचे पाय मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. मला भीती वाटली की आता हा तो शब्द म्हणेल. त्यानं जीप वळवायला सांगितली, एवढंच.

त्यानंतर तो शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. घमेलं उपडं पडलेलं असायचं. ट्यूबला थुंकी लावून, कानाशी धरून पंक्चर शोधायचा. कुणी जुन्या सवयीनं, "काय बुढेबाबा, जिरलं का?" असं चिडवलं, तर पंपाची मूठ धरून खाली बघत बसायचा. चिडवणाऱ्यालाच मग लाज वाटायची.

एके दिवशी आला आणि म्हणाला, "सिस्टरबाई, मले हिंदी शिकवा."

"का हो? आठवडी बाजारात एवढी हिंदी झाडता ती कमी पडते होय?"

"थे बाजाराची झाली. मले एकच वाक्य पायजे. कमिटी आली का मीच सांगीन, मंधात कोनी नको." मग बोट वर करून म्हणाला, "अन् दोन अर्थाचा शबूद नको बरं. एकच अर्थ निघन असं सांगा."

आयुष्यभर एका शब्दाचे चार अर्थ काढणारा माणूस! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. आम्ही बसून वाक्य ठरवलं. 'साहब, वो मैंने मज़ाक में कहा था. पानी नहीं है.' यात दुसरा अर्थ कुठून काढणार? तो रोज हवा भरता भरता ते म्हणायचा. पंप खाली जाताना "मजाक में कहा था", वर येताना "पानी नही है". शेजारच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या बाया, ज्या माझ्याशीसुद्धा धड बोलत नसत, त्यांनाही ते पाठ झालं होतं.

रस्त्यावर धूळ उठली की टोपी झटकून उभा राहायचा. जीप बियाण्याच्या कंपनीची निघायची, नाहीतर आमची नेहमीची, प्रेत परत आणणारी. मग पुन्हा खाली बसायचा. मी म्हणायची, "बाबा, घरी जा, ऊन लागेल." तो म्हणायचा, "अन् थे येऊन गेले तं?"

ऊन लागलंच. चैत्रात दुपारी बाभळीखालीच कोसळला. माझ्या खाटेवर आणून टाकला, ओल्या फडक्यांना पाणी लागतं म्हणून शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या हंड्यातलं तांब्या-तांब्या आणून दिलं. अंग तव्यासारखं तापलेलं. तापात माणूस आईला हाक मारतो, बायकोचं नाव घेतो. हा हिंदीत बरळत होता. साहब, वो मैंने मजाक में. साहब, वो मैंने. संध्याकाळी गेला.

आणि पाऊस पडून गेल्यावर समिती आली.

खासदार नवे होते, विषयही आता नवा होता, हवामान बदलावरचा खर्च. पण साहेब तेच, आणि महिनाही तोच, भाद्रपद. नव्या अध्यक्षांच्या हातात जुना फोटो होता. त्यांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं, "ये बुज़ुर्ग कहाँ हैं? इनसे मिलना है."

"सर, वो नहीं रहे," साहेब म्हणाले.

माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. सरकारी नोकर मी, सगळ्यांना ढकलून पुढं गेले आणि त्याचं वाक्य म्हटलं. साहब, वो उन्होंने मज़ाक में कहा था. पानी नहीं है.

अध्यक्षांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "जी सर, बड़े मज़ाकिया स्वभाव के थे. पूरा गाँव याद करता है."

"नाही सर!" मी ओरडलेच. "पानी नहीं है!"

अध्यक्ष हसले. रागानं नव्हे, लहान मुलीची समजूत काढावी तसे. बंधाऱ्याकडं हात करून म्हणाले, "सिस्टर, पानी तो सामने बह रहा है."

वाहतच होतं. त्याच्या त्या वाक्याला खरोखर एकच अर्थ होता, आणि त्या दिवशी तो खोटा ठरत होता. "उन्हाळ्यात या साहेब," मी म्हटलं. कसं वाटलं असेल त्यांना कोण जाणे. "ज़रूर, ज़रूर," म्हणाले. या वेळी गावातलं कुणीही हसलं नाही. जाता जाता ते साहेबांना म्हणाले, की अशा माणसाची आठवण राहायला हवी.

ती राहिली. दिवाळीच्या आत बंधाऱ्याजवळ काळा दगड उभा राहिला. नारळ फुटला, पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही. दगडावर त्याचं पूर्ण नाव, त्याखाली 'जलमित्र', आणि त्याखाली अवतरणात त्याचे शब्द: 'सगळं पाणी जिरलं.'

'पाणी' तो म्हणालाच नव्हता. ते साहेबांनी घातलं. वाचणाऱ्याला नीट कळावं म्हणून असेल.

पुढच्या उन्हाळ्यात माझा अर्ज एकदाचा मंजूर झाला, बदली वणीला. निघायच्या दिवशी बस यायला वेळ होता म्हणून नाल्यावर गेले. नाला कोरडा. बायका खाली झिऱ्याभोवती बसलेल्या. दगडाजवळ गेले तर कुणीतरी एक शब्द खरवडून काढला होता, छिन्नीनं की नुसत्या दगडानं, देव जाणे. बाकी सगळं शाबूत होतं, नाव, जलमित्र, सगळं. फक्त 'सगळं' आणि 'जिरलं' यांच्यामध्ये एक पांढरा ओरखडा. मी झिऱ्यावरच्या बायांकडं पाहिलं. त्यांनी वाट्या भरायचं काम चालूच ठेवलं.

माझ्या बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. ते दगडाच्या पायाशी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिले. मातीला कितीसा वेळ लागणार? त्याचा शब्द अगदी ओठांवर आला. पण म्हणण्याआधी मी मागं वळून पाहिलं, कुणी साहेब तर ऐकत नाही ना.