पाय सोडायला जागा

सोलापुरात गरिबांसाठी नव्या खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांचे नकाशे मीच काढले. बांधकाम खात्यात माझं तेच काम होतं. प्रत्येक खोलीला खिडकी दिली, खाली शहाबादी फरशी दिली. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी हार घालून घेतला, वाकून फरशीवर हात फिरवला आणि ती आरशासारखी असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर बराच वेळ ते तिच्यातच पाहत होते.

पहिली खोली एका तेलुगू विणकराला मिळाली. त्याची बायको वर्षभर खोकत होती. तिला उजेडात, वाऱ्यावर हलवा, नाहीतर ती वाचायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं खोली पाहिली आणि विचारलं, "सायेब, पाय कुटं सोडू?"

"झोपताना कुठंही सोडा की."

"झोपायचं न्हाय ओ. मागावर बसायचं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांचा माग जमिनीत रोवलेला. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडून खालच्या फळ्या दाबतो. आणि फरशी उखडल्यास खोली काढून घेतली जाईल, हा नियम माझ्याच अक्षरात भिंतीवर लावला होता.

बायको खिडकीशी उभी होती. "ऱ्हाऊ की," ती म्हणाली. "हितं दम लागत न्हाय."

दोन महिन्यांनी मी तपासणीला गेलो. चार फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि तो कमरेपर्यंत खड्ड्यात होता. ती खिडकीखाली कांड्यांवर सूत भरत होती. मी होतो तेवढ्या वेळात एकदाच खोकली.

"सायेब, तुमी बघितलंच न्हाय म्हणा की."

"बघितलं तर आहे," मी म्हणालो. मी खोटं लिहीत नाही, अशी कचेरीत माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची. अहवालात लिहिलं, 'खोली पहिली: खड्डा आहे.' ऱ्हस्व-दीर्घही तपासले.

त्यांना खोली सोडायला आठ दिवसांची मुदत मिळाली. ती दोघं जुन्या अंधाऱ्या खोलीत परत गेली. पावसाळा संपायच्या आत बायको वारली.

खड्डा बुजवून फरश्या परत बसवल्या. तिथं आमच्या मोठ्या साहेबांचा पट्टेवाला राहायला आला. पुढच्या तपासणीला मी आत पाऊल टाकलं, तर त्या चार फरश्या पायाखाली हलत होत्या.

अहवालात लिहिलं, 'फरशी ठीक.'