गुलालाचं पोस्टर आणि चौतीस तिकिटं

आमचे हे त्रेचाळिसाव्या वर्षी वकील झाले. त्याआधी एकवीस वर्षं त्यांनी दुसऱ्या वकिलांकडे कारकुनी केली. कोर्टात मोठ्यानं बोलायची त्यांना अजून धास्ती वाटते, पण कागद चुकत नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी लोक आपापले कागद घेऊन येतात. एकाचा कागद दुसऱ्याच्या पिशवीत, असं दोनदा झाल्यावर मी वही घातली. नाव, काम, पुढची तारीख.

गेल्या वर्षी ह्यांनी पेठेतल्या पाण्याच्या टाकीचा दावा जिंकला आणि शेजारच्या तालमीनं ठरवून टाकलं, महापालिकेच्या निवडणुकीला वकिलालाच उभं करायचं. तालमीचे वस्ताद चौघांना घेऊन विचारायला आले तेव्हा हे ‘बघू’ म्हणाले. ह्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे तालमीला ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी तालमीकडून दोन पांढरे शर्ट शिवून आले. ते घालून हे आरशासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले, आणि मला भीती वाटू लागली. नाही म्हणता न येणाऱ्या माणसापुढं नगरसेवक झाल्यावर कोणीही कसलाही कागद सरकवील आणि हे सही करतील.

तेवढ्यात एका सिनेमाचा दुसरा भाग लागला. पहिल्या भागात एक बँडवाला अपघातानंच वकील होतो आणि एका म्हातारीची म्हैस तिला परत मिळवून देतो. आम्ही तो दोनदा बघून हसलो होतो. दुसऱ्या भागात तो राजकारणात जातो. पोस्टरवर तो जीपवर उभा, अंगभर गुलाल. वस्तादांनी ते पोस्टर बघितलं आणि शनिवारच्या दुपारच्या शोची चौतीस तिकिटं काढली. आधी सिनेमा बघायचा, आणि रविवारी सकाळी तालमीत ह्यांनी देवापुढं बेलभंडारा उचलून उभं राहायचा शब्द द्यायचा, असा बेत होता. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आमच्या तालमीत भंडारा उचलून मागं फिरलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

शेवट काय आहे, याची चौकशी कोणीच केली नव्हती. गुलाल दिसला, एवढं पुरे झालं.

मध्यंतरापर्यंत सगळं पोस्टरसारखंच चाललं. बँडवाला निवडून आला, आमच्या दोन रांगांतून शिट्ट्या पडल्या. वस्ताद ह्यांच्याकडे वळून म्हणाले, “वकील, जीपवर असं उभं ऱ्हायचं.” हे लाजून हसले. मी लाह्यांचा पुडा मिटून पिशवीत ठेवला.

मध्यंतरानंतर तीच म्हातारी त्याच म्हशीचं नवं भांडण घेऊन त्याच्या बंगल्यावर येते. साहेब दौऱ्यावर आहेत, असं सांगून तिला परत पाठवतात. ती तीनदा येते. चौथ्यांदा ती म्हैसच आणते आणि बंगल्याच्या गेटला बांधते. सारं थिएटर हसत होतं. आमच्या रांगांतलं हसू मात्र हळूहळू थांबलं. वस्तादांचा हात लाह्यांच्या पुड्यातच राहिला. कागलच्या त्यांच्या जमिनीच्या उताऱ्यावर भलत्याच माणसाचं नाव लागलं होतं. माझ्या वहीत ते काम एकसष्टावं, तारीख मंगळवारची.

बाहेर गाड्या काढताना वस्तादांनी मला विचारलं, “सूनबाई, वहीत कामं किती हाईत?”

चालू कामं एकशे सात, मी सांगितलं.

“त्यातली तालमीची?”

“एकोणतीस. तुम्हाला धरून.”

ते ह्यांच्याकडे वळले. “निवडणूक लागली की माझी तारीख कोन बघनार?”

हे नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणाले असते तर रविवार टळला नसता. ह्यांनी चष्मा काढून पुसला. “तेव्हा मला जमायचं नाही, वस्ताद,” ते म्हणाले. “दुसरा वकील बघावा लागेल.”

मागून कोणीतरी म्हणालं, मग म्हस हुडका आत्ताच, गेट मोठं बघून बांधू. त्यावर सगळे हसले, वस्ताद सोडून.

“नगरसेवक धा मिळतील,” ते म्हणाले. “माझा उतारा ह्याच्या हातात हाय. उद्या भंडारा न्हाय.”

मग वस्तादांनीच उभं राहावं असा एकानं ठराव मांडला. आधी माझ्या गुडघ्यास्नी इचारा, म्हणून त्यांनी तो उडवून लावला, आणि मंडळी मिसळ खायला गेली.

घरी येताना स्कूटरवर मी ह्यांना विचारलं, वाईट वाटलं का. हे म्हणाले, थोडं. जीपवर उभं राहायला आवडलं असतं, भाषण नसतं तर.

रविवारी सात वाजता पहिले वस्तादच आले. त्यांच्यामागं अकरा माणसं होती. मंगळवारी हे कागलला गेले ते त्या दोनांतला एक शर्ट घालून. काळ्या कोटाखाली पांढराच लागतो.