बारीक झालेली जिज्ञासा

मोरिवलीची जिज्ञासा लग्नात अंगानं भरलेली होती. नवरा कमलेश तिला चारचौघांत ‘टेम्पो’ म्हणायचा. त्याचं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांतून डोकावायचं, त्यावर हात फिरवत तो म्हणायचा, “पुरुषाला शोभतं.” जिज्ञासा हसायची आणि रात्रीची भाकरी सोडायची. तरी वजन उतरत नव्हतं.

मग ते आपोआप उतरू लागलं. दोन महिन्यांत नऊ किलो गेले. संध्याकाळी अंगात कणकण असायची, खोकला थांबत नव्हता. पण कमलेश पहिल्यांदाच तिला हौसेनं नात्यातल्या एका साखरपुड्याला घेऊन गेला आणि भावांना म्हणाला, “बघा, हिरोईन झाली.” जावा विचारू लागल्या, “कसलं डाएट करतेस गं?” खोकल्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही.

रुमालावर रक्त दिसलं तेव्हा टीबी निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही. भूक लागेल, भरपूर खा.”

भूक लागली. तिसऱ्या महिन्यात गाल भरले. जेवताना कमलेश म्हणाला, “आधी बरी दिसत होतीस. या गोळ्यांनी वाट लावली.”

त्या दिवसापासून जिज्ञासा गोळी तोंडात धरायची आणि मोरीत थुंकायची. मे महिन्यात दिराच्या हळदीला तिचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी टाके घालून आवळावा लागला. ती खूश होती.

ऑक्टोबरमध्ये ती गेली. हार घालायला फोटो शोधताना कमलेशनं हळदीतलाच काढून दिला.

“हा मोठा करून आणा,” तो म्हणाला. “यात छान दिसते.”